पाहुण्यांसाठी खोली ठरवताना: लॉज, गेस्ट हाऊस, हॉटेल की सर्व्हिस अपार्टमेंट?

वाशीतल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर मी काम करते. त्याआधी ठाणे स्टेशनजवळच्या एका लॉजवर होते, मग घोडबंदर रोडच्या एका मोठ्या हॉटेलात. तिन्हीकडे काउंटरपुढे वैतागून उभ्या असलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा खोलीबद्दल नसायची. खोली ठीक असायची. गडबड आधीच झालेली असायची: स्वयंपाकघर हवं होतं आणि लॉज घेतला, दवाखाना खारघरला आणि खोली ऐरोलीला, गाडी पहाटेची आणि बुकिंग दुपारपासूनचं. आणि हे बुकिंग पाहुण्याने स्वतः केलेलं नसतंच. इथल्याच भाच्याने किंवा मेव्हण्याने लोकलमध्ये उभ्या उभ्या, सगळ्यात स्वस्त काय दिसतंय ते बघून, दोन मिनिटांत उरकलेलं असतं. हा लेख त्या भाच्यासाठी आहे.

टप्प्यांचा क्रम बदलू नका. दर पाहणं पाचव्या टप्प्यात आहे, आणि ते मुद्दाम तिथे ठेवलं आहे.

टप्पा १: अ‍ॅप उघडण्याआधी पाच ओळी लिहा

पाहुण्याला फोन करा आणि कागदावर एवढं लिहून घ्या.

१. कोण कोण येणार, वयं किती, जिने चढता येतात का.
२. काम नेमकं कुठे आहे आणि किती वाजता. ‘नवी मुंबईत’ हे उत्तर चालणार नाही. सेक्टर, रस्ता, जवळचं स्टेशन विचारा.
३. गाडी कोणती, कुठे उतरणार, किती वाजता.
४. किती रात्री राहणार. दिवस नव्हे, रात्री. ‘तीन दिवस आहोत’ म्हणणारे कधी दोन रात्री राहतात, कधी तीन.
५. बाहेरचं जेवण चालेल का, की पथ्य आहे, लहान बाळ आहे, चहा-दूध गरम करावं लागेल.

पाचवा प्रश्न लोक हमखास विसरतात. पुढचा सगळा निर्णय बऱ्याचदा त्याच उत्तरावर फिरतो.

टप्पा २: मुक्कामाचा प्रकार ठरवा

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांपुढे मिसळ आणि चहा येतो. नकाशावर ‘हॉटेल’ शोधलं की तीच गल्लत होते, निम्मी नावं खानावळींची निघतात. राहायची जागा हवी असेल तर ‘लॉज’, ‘गेस्ट हाऊस’ किंवा ‘रूम’ असं शोधा. पाटीवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ असेल तर लॉजिंग म्हणजे राहणं आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. पण पाटी जुनी असते आणि बोर्डिंग कधीच बंद झालेलं असतं, तेव्हा जेवण मिळतं का हे विचारूनच घ्या.

लॉज. स्टेशनजवळ, रात्रभर टेकायला, सकाळी कामाला निघायला. ठाणे पश्चिमेला स्टेशन परिसरात, वाशीत, पनवेलला असे लॉज आहेत. दर कमी, बऱ्याच ठिकाणी २४ तासांचा हिशेब. तोटे ठरलेले: लिफ्ट नसू शकते, गरम पाणी सकाळच्या ठरावीक वेळेतच येतं, खाली परमिट रूम असेल तर रात्री उशिरापर्यंत आवाज. एकटा माणूस, एक रात्र, सकाळी कोर्टाचं किंवा सरकारी काम असेल तर लॉजसारखी सोय नाही. म्हाताऱ्या माणसांना मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या लॉजमध्ये पाठवू नका.

गेस्ट हाऊस. हा शब्द कुणीही पाटीवर लावतो. कुठे ते छोटं हॉटेल असतं, कुठे कंपनीने आपल्या माणसांसाठी घेतलेला फ्लॅट, कुठे नुसता लॉज. नावावरून काहीच समजू नका. रिसेप्शन २४ तास आहे का, एवढा एक प्रश्न विचारा. ‘माणूस फोन केला की येतो’ असं उत्तर आलं तर रात्री अकरानंतर पोचणाऱ्या पाहुण्याला तिथे ठेवू नका.

बिझनेस हॉटेल. वाशी, तुर्भे, महापे, ऐरोली आणि ठाण्यात वागळे इस्टेट, घोडबंदर रोड या पट्ट्यात बहुतेक हॉटेलं ऑफिसच्या कामाने येणाऱ्यांवर चालतात. त्यामुळे सोमवार ते गुरुवार ती भरलेली असतात आणि शनिवार-रविवारी दर उतरलेला मिळू शकतो. घरच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांनी याचा फायदा घ्यावा.

ताऱ्यांबद्दल इथेच सांगते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात एक ते पाच तारे असतात, त्यावर पंचतारांकित डिलक्स. हे वर्गीकरण ऐच्छिक असतं आणि पाच वर्षांसाठी मिळतं. अ‍ॅपवर दिसणारं ‘थ्री स्टार’ बऱ्याचदा त्या वर्गीकरणातलं नसतंच, आणि लोकांनी दिलेले ४.१ वगैरे गुण ही तिसरीच गोष्ट. तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका.

सर्व्हिस अपार्टमेंट. फ्लॅटसारखी जागा, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, कुठे कुठे वॉशिंग मशीन. मुक्काम आठवड्याच्या पुढचा असेल, सोबत रुग्ण असेल, बाळ असेल, तर हाच प्रकार. खर्चाचा हिशेब करताना फक्त खोलीचा दर बघू नका. चार माणसांचं तीन वेळचं बाहेरचं खाणं जोडलं की महाग दिसणारं अपार्टमेंट पुष्कळदा स्वस्त पडतं. गॅस किंवा इंडक्शन चालू आहे का, भांडी कोणती आहेत आणि कुकर आहे का, हे विचारा. कुकर नसेल तर त्या स्वयंपाकघराचा मराठी घराला फारसा उपयोग नाही.

होमस्टे किंवा अ‍ॅपवरचा फ्लॅट. खारघर, सीवूड्स, घोडबंदर इथे सोसायट्यांमधले फ्लॅट असे दिले जातात. इथे अडचण खोलीत येत नाही, गेटवर येते. वॉचमनकडे नोंद नसते, मालक फोन उचलत नाही, आणि रात्री दहा वाजता पाहुणे बॅगा घेऊन रस्त्यावर. सोसायटीची परवानगी आहे का, गेटवर नोंद कोण करणार आणि चावी कोणाच्या हातून मिळणार, हे तिन्ही लेखी घ्या. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी असलेलं घर असेल तर उत्तम.

धर्मशाळा, संस्थांची निवासं, रिटायरिंग रूम. दर सगळ्यात कमी, नियम सगळ्यात जास्त. दवाखान्यासाठी येणाऱ्यांनी हा पर्याय पहिला तपासावा. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक केंद्र आहे. तिथे किंवा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात येणार असाल तर रुग्णाच्या फाईलसह आधी समाजसेवा विभागात विचारा. स्वस्त निवासाची माहिती तिथे मिळते आणि शिफारसपत्र लागलं तर तेही तिथूनच. लोक आधी आठ दिवस लॉजमध्ये पैसे घालवतात आणि मग हा विभाग गाठतात. रेल्वेच्या रिटायरिंग रूमसाठी तिकिटाचा पीएनआर लागतो. शासकीय विश्रामगृहं आहेत, पण तिथे सरकारी दौऱ्यांना प्राधान्य असतं, घरच्या लग्नाचा बेत त्यावर बांधू नका.

रिसॉर्ट आणि फार्महाऊस. पनवेलच्या पुढे कर्नाळ्याच्या बाजूला किंवा येऊरला लोक एका दिवसाच्या सहलीसाठी जातात. शहरात काम असलेल्या पाहुण्याला तिथे उतरवणं म्हणजे रोजची गाडीची दगदग. एवढंच पुरे.

तपासा: पाचव्या ओळीत ‘पथ्य’ किंवा ‘बाळ’ लिहिलं असेल आणि तुम्ही अजून लॉज बघत असाल, तर मागे या.

टप्पा ३: जागा स्टेशनवरून ठरवा, शहराच्या नावावरून नव्हे

‘नवी मुंबई’ हे नाव दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पसरलंय, आणि अ‍ॅपवर तर खारघर-पनवेलही त्यातच येतं. या भागात दोन टोकांमध्ये सकाळच्या वेळी जाणं म्हणजे एक छोटा प्रवासच. म्हणून कामाच्या जागेचं स्टेशन शोधा आणि खोली त्याच मार्गावर घ्या. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे हे ठाण्याहून येणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावर. वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर, खारघर, पनवेल हे हार्बरवर. खारघरमध्ये स्टेशन महामार्गाला लागून आहे आणि सेक्टर आत डोंगरापर्यंत गेलेत. तेव्हा ‘खारघर स्टेशनजवळ’ आणि ‘खारघरमध्ये’ यात रिक्षाच्या भाड्याचा चांगलाच फरक पडतो. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. आतल्या सेक्टरांत काम असेल तर मेट्रो स्टेशनच्या आसपासची खोली बघा.

ठाण्यात प्रश्न घोडबंदर रोडचा. कासारवडवली ते ठाणे स्टेशन अंतर दहाएक किलोमीटर, पण संध्याकाळी गायमुखकडून येणारी वाहनं तुंबली की नकाशातल्या मिनिटांना अर्थ राहत नाही. कार्य पातलीपाड्याला असेल तर खोली तिथेच घ्या. स्टेशनजवळ स्वस्त मिळाली म्हणून घ्याल आणि मुहूर्ताला वऱ्हाड माजिवड्याच्या पुलाखाली अडकेल.

सावधान, परीक्षार्थींनो: पुष्कळ प्रवेश परीक्षा रविवारी असतात आणि मेगाब्लॉकही रविवारीच असतो. हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर मार्ग मधल्या वेळेत बंद असेल तर परत जायची गाडी चुकते. केंद्राला चालत किंवा एका रिक्षेत पोचता येईल अशीच खोली घ्या. आदल्या संध्याकाळी केंद्र प्रत्यक्ष बघून या.

सावधान, विमानाने येणाऱ्यांनो: आता विमानतळ दोन आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. तिकिटावरचा कोड वाचा: एनएमआय म्हणजे नवी मुंबई, बीओएम म्हणजे मुंबई. ‘एअरपोर्टजवळ हॉटेल’ शोधलं की अ‍ॅप कोणत्याही एकाजवळचं दाखवतं. उलवे, बेलापूर, पनवेल ही बाजू नव्या विमानतळाची. ठाणे आणि ऐरोलीकडून मात्र मुंबईचा विमानतळ गाठणं सोपं.

टप्पा ४: तारीख आणि वेळ

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबते.

मी ज्या मोठ्या हॉटेलात होते तिथली एक सकाळ सांगते. पहाटेचे ५ वाजून २० मिनिटं. दारात रिक्षा थांबली. एक आजी-आजोबा उतरले. आजींच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, आजोबांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला बुकिंगचा कागद. कागद बरोबर होता, तारीख त्याच दिवसाची होती. पण खोली दुपारी दोनपासूनची होती आणि त्या रात्री हॉटेल गच्च भरलेलं. आजी म्हणाल्या, ‘अगं बाळा, पैसे तर भरलेत ना मुलाने?’ भरले होते. तरी मला त्यांना द्यायला खोली नव्हती. लॉबीतल्या सोफ्यावर त्या साडेनऊपर्यंत बसून होत्या, पदर डोक्यावर ओढून, पाय न पसरता, कारण समोर येणारे-जाणारे होते. साडेनऊला पहिली खोली रिकामी झाली, तोवर त्यांची नातीच्या बारशाला लवकर पोचायची वेळ टळून गेली होती. मुलाने एक ओळ वाचली नव्हती, आणि आमच्याकडून आदल्या दिवशी एक फोन गेला नव्हता. ती सकाळ माझ्या मनातून जात नाही.

नियम असा:

१. हॉटेलात दिवस दुपारी सुरू होतो. चेक-इन १२ किंवा २ ला, चेक-आउट १० ते १२ च्या दरम्यान. १२ तारखेचं बुकिंग म्हणजे १२ च्या दुपारपासून.
२. पाहुणे १२ च्या पहाटे पोचणार असतील तर बुकिंग ११ तारखेपासून करा. एक रात्र जास्तीची वाटेल, पण पहाटे झोपायला खोली मिळण्याची हमी त्यातच आहे.
३. तसं केलं की हॉटेलला फोन करून सांगा: ‘बुकिंग ११ चं आहे, माणसं १२ च्या पहाटे साडेपाचला येतील, खोली धरून ठेवा.’ हे न सांगितल्यास रात्री कुणी आलं नाही म्हणून हॉटेल बुकिंग रद्द धरू शकतं.
४. जास्तीची रात्र परवडत नसेल तर लवकर चेक-इन मिळेल का, किती पैसे लागतील हे विचारा. ‘उपलब्ध असेल तर’ या उत्तराचा अर्थ ‘धरून चालू नका’.
५. नाहीतर २४ तासांच्या हिशेबाचा लॉज घ्या. पहाटे सहाला आलात तर दुसऱ्या पहाटे सहापर्यंत खोली तुमची. एका रात्रीच्या कामाला हे फार सोयीचं. मात्र मुदत ओलांडली की किती तासांनी पूर्ण दिवस लावतात, ते आधीच विचारा.
६. परतीची गाडी रात्रीची असेल तर खोली धरून ठेवायची गरज नाही. सामान ठेवायची सोय आहे का आणि अंघोळीला जागा मिळेल का, हे विचारा.

सावधान: ज्या तारखेला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना किंवा मोठा गाण्यांचा कार्यक्रम असतो, किंवा वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात मोठं प्रदर्शन असतं, तेव्हा आसपासच्या खोल्यांचे दर कुठल्या कुठे जातात. दर अचानक दुप्पट दिसला तर त्या दिवशी काय आहे ते पहा, आणि ठाणे किंवा पनवेलकडे सरका.

टप्पा ५: आता दर

दर विचारताना आधी त्यात जेवण कोणतं हे कळायला हवं. हॉटेलवाले इंग्रजी आद्याक्षरांच्या चार संज्ञा वापरतात, त्या पाठ करून ठेवा. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. दोन हॉटेलांची तुलना करताना एकाचा ईपी आणि दुसऱ्याचा सीपी समोरासमोर ठेवू नका. चार माणसांचा नाश्ता हा काही छोटा फरक नाही.

मग जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचा एका दिवसाचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के. त्याआधी १२ टक्के होता. दर ७,५०० च्या वर गेला तर १८ टक्के. म्हणजे २,४०० रुपयांच्या खोलीचे तीन रात्रींचे ७,२०० आणि कर ३६०, एकूण ७,५६०. इथे मर्यादा रोजच्या दराला लागते, एकूण बिलाला नाही, याबद्दल खूप गैरसमज आहे. मोठ्या खोल्यांमध्ये मात्र ही रेघ जपा: ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ८,००० ची ९,४४० ला. दर पाचशेने वाढला, बिल दीड हजाराहून जास्त वाढलं. जुना १२ टक्के कर सांगणारं कोणी भेटलं तर नम्रपणे बिल मागा.

जास्तीची गादी, मुलांचं वय कितीपर्यंत मोफत, पार्किंग, हे तिन्ही वेगळे विचारा. गादी आणि बेड एकच नाहीत. ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणून पैसे घेऊन जमिनीवर गादी टाकलेली मी पाहिली आहे, आणि गुडघेदुखीच्या माणसाला जमिनीवरून उठता येत नाही. दोन मित्र किंवा दीर-भावजय अशी माणसं असतील तर ‘डबल’ नको, ‘ट्विन’ मागा. डबल म्हणजे एक मोठा पलंग, ट्विन म्हणजे दोन वेगळे.

हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलात तर बिलात सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला कायम ठेवल्या आहेत. काढायला सांगा, आवाज न चढवता.

टप्पा ६: रिसेप्शनला फोन

अ‍ॅपवर पैसे भरण्याआधी हॉटेलच्या काउंटरला एक फोन कराच. दुपारी तीन ते पाचच्या मध्ये करा. सकाळी आम्ही चेक-आउटमध्ये असतो आणि उत्तर घाईत मिळतं. या क्रमाने विचारा:

– आमचं ओळखपत्र इथलंच, ठाणे किंवा नवी मुंबईच्या पत्त्याचं आहे. चालेल ना?
– लिफ्ट आहे का, आणि आज चालू आहे का?
– गरम पाणी २४ तास की ठरावीक वेळ?
– खिडकी रस्त्याकडे, चौकात की आतल्या भिंतीकडे?
– खाली बार किंवा हॉल आहे का?
– आमची मोठी गाडी, टेम्पो ट्रॅव्हलर, आत उभी राहील का?

पहिला प्रश्न पहिलाच का, ते सांगते. घरी रंगकाम किंवा फरशीचं काम निघालं की लोक कुटुंबासह दोन रात्री हॉटेलात राहायला येतात. बरीच हॉटेलं आणि लॉज ‘लोकल आयडी’ घेत नाहीत. तसा कायदा नाही, तो त्या त्या हॉटेलचा नियम असतो. पण रात्री नऊ वाजता काउंटरवर त्यावर वाद घालून खोली मिळत नाही. कोपरखैरण्याचं चौघांचं कुटुंब, धाकटी झोपलेली, आणि मालकाचा नियम म्हणून मला नाही म्हणावं लागलेलं आहे. अविवाहित जोडप्यांचंही तसंच. दोघं सज्ञान असतील आणि ओळखपत्रं असतील तर कायद्याने बंदी नाही, पण हॉटेलचा नियम आधी विचारलेला बरा.

तपासा: उत्तर देणाऱ्याचं नाव कागदावर लिहा. पोचल्यावर ‘अमक्या ताईंशी बोलणं झालंय’ म्हटलं की काम हलतं.

टप्पा ७: पैसे भरणं

‘नॉन-रिफंडेबल’ दर सगळ्यात स्वस्त दिसतो. मुलीच्या साखरपुड्याची तारीख पक्की असेल तर तो घ्या. दवाखान्याच्या तारखेला कधीच घेऊ नका. ऑपरेशन पुढे ढकललं जातं, पैसे परत येत नाहीत.

सावधान: नकाशावर हॉटेलच्या नावाखाली भामट्यांचे नंबर टाकलेले असू शकतात. फोनवर गोड बोलतात, ‘खोली धरतो, आगाऊ पाठवा’ म्हणतात आणि यूपीआयवर एखाद्या व्यक्तीचं नाव येतं. हॉटेलच्या किंवा कंपनीच्या नावाचं खातं नसेल तर पैसे पाठवू नका. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरशी जुळवा. फसवणूक झालीच तर तासाभराचाही विलंब न करता १९३० वर फोन करा.

पोचायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा फोन: नाव, रात्री, पोचायची वेळ. हंगामात हॉटेलं क्षमतेपेक्षा जास्त बुकिंग घेतात. ज्याचा फोन आलेला असतो त्याची खोली शक्यतो दुसऱ्याला जात नाही, हे मी काउंटरच्या आतून सांगते.

टप्पा ८: लग्नाच्या खोल्या असतील तर

चारपेक्षा जास्त खोल्या अ‍ॅपवरून घेऊ नका. सेल्सच्या माणसाला भेटा आणि ईमेलवर हे मागा: किती खोल्या, कोणत्या तारखांना, कोणत्या दराने, कोणत्या दिवसापर्यंत बिनशुल्क कमी करता येतील. ही शेवटची तारीख दिनदर्शिकेवर गोल करून ठेवा. त्यानंतर मामेभावाचं येणं रद्द झालं तरी खोलीचे पैसे तुमचेच.

मग खोलीवार नावांची यादी करा. ज्येष्ठ माणसं खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ. वरपक्ष आणि वधूपक्ष शक्यतो वेगळ्या मजल्यांवर, मेंदीच्या रात्रीची झोप दोन्हीकडे शाबूत राहते. चाव्या एकाच माणसाच्या ताब्यात द्या आणि मिनीबार, लाँड्री, खोलीत मागवलेलं जेवण यांचे पैसे कोण देणार हे हॉटेलला लेखी कळवा. नाहीतर निरोपाच्या सकाळी काउंटरवर काकांच्या हातात बिल पडतं आणि सगळ्यांनाच अवघड होतं. कार्यालयाने ‘चार खोल्या मोफत’ म्हटलं असेल तर त्या कपडे बदलायच्या खोल्या आहेत की रात्री झोपायच्या, हे जाऊन बघा.

टप्पा ९: पोचल्यावर, बॅगा उघडण्याआधी

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, एकाचं चालत नाही. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट आणा. आधारचा मास्क्ड नमुना यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून मिळतो, त्यात शेवटचे चार अंकच दिसतात. छायाप्रत देताना तोच द्या आणि त्यावर हॉटेलचं नाव व तारीख लिहा. परदेशी नागरिकत्व घेतलेला भाऊ सोबत असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड हाताशी ठेवा. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलला २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते.

खोलीत गेल्यावर पाच मिनिटं द्या. सामान दारातच ठेवा.

१. गीझर चालू करा आणि नळ सोडून बघा. बाकीचं तपासेपर्यंत पाणी तापलं पाहिजे.
२. चादर कोपऱ्यातून उचला आणि गादीच्या शिवणीवर मोबाइलचा उजेड टाका. पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे. चादर बदलून भागत नाही, खोली बदला, आणि लगतची नको.
३. दाराची आतली कडी आणि खिडकीची खिटी लावून बघा.
४. दाराच्या मागे आपत्कालीन मार्गाचा नकाशा असेल तर वाचा, आणि जिन्यापर्यंत एकदा चालून या. जिन्यात गाद्या आणि पेट्या रचलेल्या असतील तर रिसेप्शनला सांगा. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, जिनाच लागतो.
५. फोनवरून रिसेप्शन लागतं का बघा. रात्री छातीत दुखलं तर मोबाइलमध्ये नंबर शोधत बसायला नको.

खोली बदलून मागायची ती याच पाच मिनिटांत. पलंगावर बसून, चहा पिऊन, अंघोळ करून मागितली तर आम्हाला आधी ती पुन्हा साफ करावी लागते आणि तुमची बाजू कमकुवत होते.

टप्पा १०: निघताना

आदल्या रात्रीच बिल काढून मागा. सकाळी आठ ते दहा काउंटरवर रांग असते आणि गाडी सुटायच्या भीतीने लोक न वाचता सही करतात. रात्रींची संख्या, कराचा टक्का, अनामत रक्कम वजा झाली का, एवढं बघा. अनामत कार्डावर घेतली असेल तर ती परत यायला काही दिवस लागतात, तोवर पावती फाडू नका. बिलावरून वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बाहेर पडण्याआधी चार जागा: उशीखाली, बाथरूमच्या दारामागचा हुक, चार्जिंगचा सॉकेट, आणि फ्रिज. इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, बाळाचं औषध फ्रिजमध्येच राहतं. आमच्याकडे विसरलेल्या वस्तूंच्या कपाटात चार्जर सगळ्यात जास्त असतात. ते कुणी परत मागत नाही. औषधासाठी मात्र पनवेलच्या पुढे गेलेल्या गाडीतून फोन येतो.